गरुडापाशी भेटू

फिलाडेल्फियाच्या मार्केट स्ट्रीटवर, सिटी हॉलच्या अगदी शेजारी, एक बारा मजली दगडी इमारत आहे. बाहेरून इतकी रुक्ष, की आत कोर्टकचेरी भरत असावी असं वाटतं. मी गेलो मार्च २०२५ मध्ये. आतलं मेसीज या अमेरिकन दुकानसाखळीचं दुकान शेवटचे दिवस मोजत होतं. मांडण्या निम्म्या रिकाम्या, जिकडेतिकडे सेलच्या पाट्या, आणि कपडे उतरवलेले पुतळे एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे. तेही विकायला काढलेले! गळ्यात किमतीची चिठ्ठी.

ती चिठ्ठी पाहून हसू आलं. हे दुकान मुळात ज्याचं, त्या जॉन वॅनामेकरचा सगळा व्यवहार चिठ्ठीवर उभा होता. घासाघीस नाही, सगळ्यांना एकच भाव, आणि माल पसंत नाही पडला तर पैसे परत. १८७६ मध्ये त्याने याच जागेवर रेल्वेची जुनी मालधक्क्याची शेड घेऊन तिथे दुकान थाटलं. पुढे वास्तुविशारद डॅनियल बर्नहॅमला बोलावून नवी इमारत उठवली, तीसुद्धा टप्प्याटप्प्याने, म्हणजे धंदा एक दिवसही बंद नको. पक्का व्यापारी! डिसेंबर १९११ मध्ये उद्घाटनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष टाफ्ट आले होते.

मधल्या चौकात आलो आणि मान आपोआप वर गेली. सात मजले उंच मोकळी जागा, भोवती सज्जे, एका अंगाला ऑर्गनच्या सोनेरी नळ्यांची भिंत. खाली ब्राँझचा गरुड, वजन अकराशे किलोच्या वर. त्याचा भार पेलायला खालची जमीन मुद्दाम मजबूत करावी लागली होती. 'गरुडापाशी भेटू' एवढं म्हटलं की इथल्या माणसाला पत्ता कळतो.

गरुड आणि ऑर्गन दोन्ही १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनातले. ऑर्गन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन येतो. हा त्याचा फार लांबचा, फार श्रीमंत चुलता. बनवणारी कंपनी त्याच्या खर्चापायी बुडाली आणि वाद्य गोदामात पडून राहिलं. वॅनामेकरने ते १९०९ मध्ये घेतलं, मालगाडीचे तेरा डबे भरून आणलं. बसवायला दोन वर्षं लागली. २२ जून १९११ ला, लंडनमध्ये पंचम जॉर्जला राज्याभिषेक होत असताना, ते इथे पहिल्यांदा वाजलं. आणि दहा हजार नळ्यांचा आवाज चौकाला पुरेना! मग दुकानाच्याच माळ्यावर कारखाना काढून नळ्या वाढवत नेल्या. आज त्या अठ्ठावीस हजारांवर आहेत. कपडे विकणाऱ्याने ऑर्गनचा कारखाना काढावा, हा हट्ट मला त्याच्या सगळ्या हिशेबीपणापेक्षा जास्त आवडला.

बाराला वादन सुरू झालं. खालचे सूर कानाआधी तळपायांना कळले. काचेचं एक रिकामं कपाट बारीक थरथरत होतं. सज्जांवर माणसं कठड्याला रेलून उभी, बरीचशी साठीच्या पुढची. माझ्या शेजारच्या आजी डोळे मिटून होत्या, हातात सेलमधली पिशवी.

शेवटचा सूर वर छताशी बराच वेळ रेंगाळला. टाळ्या झाल्या. काउंटरवरच्या बाईंनी डोळे पुसले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.