तेरा-दहाची रात्र

शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४
कॅन्टन, मिशिगन

रात्रीचे साडेअकरा. पोरं तळघरात गाद्या टाकून झोपायला गेलीत, पण खालून कुजबुज येतेय, म्हणजे झोपलेली नाहीत. मलाही झोप नाही. आजचा दिवस लिहून ठेवल्याशिवाय राहवणार नाही.

आज अमेरिकन फुटबॉलमध्ये आमच्या मिशिगन विद्यापीठाने जुन्या वैऱ्याला, ओहायो स्टेट विद्यापीठाला, त्यांच्याच घरात, कोलंबसला, १३-१० ने हरवलं. यंदाचा हंगाम रडतखडत चाललेला, सहा सामने जिंकलेले आणि पाच हरलेले. समोरचे देशात दुसऱ्या क्रमांकावर. सगळे जाणकार म्हणत होते वीसेक गुणांनी मार खाणार, आणि मीही मनाची तशी तयारी करूनच बसले होते. १०-१० वर अडकलेलं असताना कॅलेल मलिंग्जने चेंडू पोटाशी धरून सत्तावीस यार्डांची मुसंडी मारली, तेव्हा मी पावभाजी घोटायची सोडून मॅशर हातात तसाच धरून टीव्हीपुढे उभी होते. शेवटची ४५ सेकंदं उरली असताना डॉमिनिक झ्वाडाने लाथेने चेंडू दोन खांबांमधून अलगद घातला, म्हणजे फील्ड गोल, तीन गुण. माझी कोलंबसवाली मैत्रीण शेजारी बसली होती. मिशिगन विद्यापीठात शिकली आमच्याबरोबर, अ‍ॅन आर्बरला, पण नवरा ओहायो स्टेटचा, संसार तिकडचा. नवऱ्याला दिसू नये म्हणून तिने पांघरुणाखालून माझा हात दाबला. किती जोरात दाबला ते मलाच माहीत.

नंतर मैदानात मारामारी झाली ती मात्र बघवली नाही. टीव्ही बंद केला. आणि मग थँक्सगिव्हिंगच्या निमित्ताने सतरा-अठरा वर्षांनी एका छपराखाली आलेल्या आम्ही तिघी जुन्या सामन्यांवर जे बोलायला बसलो, ते आत्ता अकराला उठलो.

बोलणं फिरून फिरून येत होतं १ सप्टेंबर २००७ वर. एवढे जिंकलेले सामने असताना आधी आठवतो तो हरलेला. आम्ही तेव्हा हूव्हर अ‍ॅव्हेन्यूजवळ एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. सामन्याच्या दिवशी विद्यापीठाचा बँड आमच्या गल्लीच्या तोंडावरून वाजत-गाजत स्टेडियमकडे जायचा, आणि आजूबाजूची घरं पैसे घेऊन अंगणात गाड्या लावू द्यायची. समोरच्या घरात एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. आम्ही आपसात त्यांना आजोबा म्हणायचो. ते मात्र अंगणात कोणाची गाडी घ्यायचे नाहीत. तिथे त्यांची घडीची खुर्ची आणि रेडिओ असायचा.

मी २००६ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून आले तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, हे आजोबांनी मला कुंपणाशी उभं राहून बोटांवर मोजून शिकवलं. आणि त्यांच्या तोंडी सारखं '१९६९'. ओहायो स्टेट लागोपाठ बावीस सामने जिंकून आलेले, आपल्याकडे बो शेंबेकलर नावाचा नवा कोच, पहिलंच वर्ष, आणि निकाल २४-१२. १९९७ चं वर्णन तर असं करायचे की आपला चार्ल्स वूडसन चेंडू घेऊन ७८ यार्ड त्यांच्याच अंगणातून पळाला असावा. हे सगळं ते 'आम्ही' म्हणून सांगायचे. आम्ही हरवलं, आम्ही अडवलं. हे स्वतः कधी खेळले नाहीत, मग 'आम्ही' कसे, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

मी आले त्याच वर्षीच्या, २००६ च्या नोव्हेंबरात, १७ तारखेला, शेंबेकलर गेले. दुसऱ्याच दिवशी कोलंबसला सामना, दोन्ही संघ तोवर एकही सामना न हरलेले, पहिला क्रमांक विरुद्ध दुसरा. आपण ४२-३९ ने हरलो. संध्याकाळी आजोबा दारात उभे होते, डोळे लाल. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "ते हरले, वाईट वाटलं." त्यांनी मान हलवली, बाकी काही बोलले नाहीत. तो 'ते' मला आजही टोचतो.

मग आला २००७ चा तो शनिवार. मोसमातला पहिला सामना, आपण पाचव्या क्रमांकावर, समोर अ‍ॅपलॅचियन स्टेट, खालच्या विभागातला संघ. सामना दाखवणारी वाहिनी सुरू होऊन दोन दिवस झालेले, बऱ्याच केबलवर ती आलेलीच नव्हती. म्हणून आम्ही तिघी आजोबांच्या अंगणात, गवतावर, रेडिओभोवती. स्टेडियमला तेव्हा दोन्ही बाजूंचे उंच मजले नव्हते, ते पुढे २०१० ला झाले. जमिनीत खोदलेल्या त्या परातीतून लाखभर माणसांचा आवाज थेट आमच्यापर्यंत यायचा, आणि रेडिओपेक्षा क्षणभर आधी यायचा. म्हणजे काय झालं हे आधी कानाला कळायचं, नाव-गाव मागाहून.

माइक हार्टने ५४ यार्ड पळून आपल्याला ३२-३१ असं पुढे नेलं तेव्हा गल्ली हादरली होती. मग त्यांनी फील्ड गोल मारला, ३४-३२, सव्वीस सेकंद शिल्लक. चॅड हेनीने मॅनिंगहॅमला एक लांबलचक पास टाकला आणि सहा सेकंद असताना आपली किक, फक्त ३७ यार्डांवरून. रेडिओवरचा माणूस अजून चेंडू मागे आल्याचं सांगत होता, तेवढ्यात स्टेडियमकडून एक दबका हुंदका आल्यासारखा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. आजोबांनी त्या आवाजावरूनच ओळखलं. रेडिओवर 'ब्लॉक', म्हणजे किक अडवली, हा शब्द यायच्या आत त्यांनी बटण फिरवलं, उठले, खुर्ची मिटली, भिंतीला टेकवून ठेवली. खुर्चीच्या पायांना लागलेलं गवत हाताने काढत बसले थोडा वेळ.

माझी शिकागोवाली मैत्रीण म्हणते की त्यांनी आधी खुर्ची मिटली, मग रेडिओ बंद केला. मला बटणाचा 'टक' आवाज आधी आठवतो. यावर आज अर्धा तास वाद झाला आणि मिटला नाही. पण एका गोष्टीवर तिघींचं एकमत आहे. त्या रात्री वर येऊन वरण-भात लावताना मी म्हणाले होते, "आपण कसे काय हरलो गं?"

इंग्रजीत 'वुई' म्हटलं की त्यात ऐकणारा आहे की नाही, ते कळत नाही. आजोबांचं ते मी वर्षभर 'आम्ही' असं ऐकत होते, म्हणजे मला वगळून. ते बहुतेक पहिल्यापासून 'आपण' म्हणत असावेत.

बाकीचे सामने मग आपोआप आपले झाले. १० सप्टेंबर २०११, स्टेडियममधला पहिला रात्रीचा सामना, १,१४,८०४ माणसं आणि त्यात मी नवऱ्याला घेऊन. नोटर डेमविरुद्ध शेवटची दोन सेकंदं उरली असताना रॉय राउंडट्रीने पकडलेला तो चेंडू, ३५-३१. आमच्या भोवतीची अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. २०१५ चा मिशिगन स्टेटविरुद्धचा सामना: दहा सेकंद उरलेले, २३-२१ ने पुढे, चेंडू फक्त लांब मारायचा होता, तो हातातून निसटला आणि त्यांनी उचलून ३८ यार्ड नेला. तो सामना मी पुन्हा कधीच पाहिला नाही, पाहणारही नाही. त्या चेंडूवर धावलेल्या जेलन वॉट्स-जॅक्सनचं खुब्याचं हाड त्याच धावेत मोडलं, हे नंतर वाचलं तेव्हा मात्र त्या पोराबद्दल पोटात तुटलं.

आणि २७ नोव्हेंबर २०२१. २०११ च्या नोव्हेंबरनंतर ओहायो स्टेटला एकदाही हरवता आलं नव्हतं. त्या दिवशी बर्फ पडत होता, हसन हॅस्किन्सने पाच टचडाऊन केले, म्हणजे पाचदा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, ४२-२७. मुलगा नऊ वर्षांचा, माझ्या मांडीवर उभा राहून ओरडत होता. मला एकदम आजोबांची आठवण आली. आम्ही ते घर सोडल्यावर ते लेकीकडे राहायला गेले, पुढे पत्ता लागला नाही. त्या दिवशी कुठल्यातरी खुर्चीत बसून त्यांनी ऐकलं असावं, असं मी धरून चालते.

या जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना झाला तेव्हा मी पुण्यात होते, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ह्यूस्टनला संध्याकाळ, आमच्याकडे मंगळवारची सकाळ. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. वॉशिंग्टनविरुद्ध ३४-१३, हंगामात पंधराच्या पंधरा, १९९७ नंतर पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात एकटीच रडत होते. आईने पलंगावरून विचारलं, "काय झालं गं? तुझी ती कॉलेजची पोरं जिंकली का?"

लिहिता लिहिता मुलगा वर आला. झोप येत नाही म्हणाला. पुण्यात सकाळचे दहा वाजलेत, आजीला फोन लावू का? दिला लावून. जिन्याच्या पायरीवर बसून तो त्याच्या अमेरिकन मराठीत सांगतोय, "आजी, आपण जिंकलो. तेरा-दहा."

आईचा आवाज इथवर येतोय. "आपण जिंकलो? बरं झालं बाई. थांब, देवापुढे साखर ठेवून येते."