फ्लेमिंगो यायच्या आधी

आज ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या खाडीवर. फ्लेमिंगो अजून यायचेत, त्यामुळे गर्दी नाही, बरंच आहे! चिखलात कर्ल्यू सँडपायपर आपली बाकदार चोच शिलाई मशीनच्या सुईसारखी भराभर खुपसत होते. काहींच्या पाठीवरच्या पिसांना फिकट कडा, म्हणजे यंदाचीच पिल्लं. जन्म पार सैबेरियाच्या टुंड्रात. आईबाप आधीच निघून येतात, ही पोरं मागाहून आपली आपण इथवर पोचतात. कमाल आहे राव.

तिकडे लेमिंग नावाचे उंदीर भरपूर असले की ध्रुवीय कोल्हे त्यांच्यावर ताव मारतात. उंदीर घटले की तेच कोल्हे या पक्ष्यांच्या अंड्यांवर, पिल्लांवर उठतात आणि त्या हिवाळ्यात आपल्याकडे पोरं कमी दिसतात. आज बरीच दिसली. यंदा कोल्ह्यांची चंगळ झालेली दिसतेय.