तुम्ही विचारलंत म्हणून: एक्स-रे चांगला आहे, मग जबडा दुखतो कसा?

हा प्रश्न मला घरचे विचारतात, मैत्रिणी विचारतात, आणि पहिलं वर्षभर मी स्वतःलाही विचारत होते. दुखणं मनाचं तर नाही ना, अशी शंका त्या प्रश्नामागे असते आणि ती फार लागते. म्हणून नीट सांगते.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघड-मिट करा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. तिथे दोन हाडांच्या मध्ये एक लवचिक चकती असते. तोंड उघडताना खालच्या जबड्याचं टोक आधी फिरतं, मग पुढे सरकतं, आणि चकतीनं त्याच्यासोबत जायचं असतं. माझी उजवीकडची चकती पुढे घसरलेली आहे. हाड तिच्यावर परत चढतं तेव्हा ‘कट्’ असा आवाज होतो. एखाद्या सकाळी ते चढतच नाही. मग तीन बोटं मावायची तिथे जेमतेम दोन जातात, आणि घास लहान करावा लागतो.

आता एक्स-रे. माझा काढला तो ओपीजी, म्हणजे यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एका फोटोत येतात. डॉक्टर समोर बसल्यासारखा तो पाहायचा असतो, त्यामुळे आपली उजवी बाजू फोटोत डावीकडे दिसते. हे कळेपर्यंत मी भलत्याच बाजूचा सांधा निरखत होते! जितकं घट्ट तितकं पांढरं: धातूचं फिलिंग सर्वांत पांढरं, मग दाताचं वरचं कवच. कीड, दाताच्या आतला मऊ गर आणि हवेच्या पोकळ्या काळ्या. खालच्या, सुळ्यांमागच्या लहान दाढांच्या मुळांजवळ दोन्हीकडे काळे ठिपके दिसले आणि मी हादरलेच, पू झालाय असं वाटून. ती हनुवटीकडे जाणाऱ्या नसेची नैसर्गिक छिद्रं निघाली.

दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला सांध्याची टोकं दिसतात. ती झिजली आहेत का, मोडली आहेत का, हे साधारण कळतं. पण चकती त्यात दिसत नाही, आखडलेले स्नायूही दिसत नाहीत, आणि माझं दुखणं नेमकं तिथेच आहे. चकती एमआरआयमध्ये दिसली, एकदा तोंड मिटून आणि एकदा उघडून काढल्यावर. उलटही होतं: काहींचं हाड झिजलेलं दिसतं आणि त्यांना काहीच त्रास नसतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल, तर बहुधा उपचारही लागत नाहीत.

एका दवाखान्यात दात यंत्रानं थोडे झिजवून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसतात ती ठेवण, बदलू या, असं सुचवलं होतं. झिजवलेला दात परत येत नाही, म्हणून मी आधी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, आणि गेले ते बरंच झालं. रात्री नाइट गार्ड, म्हणजे दातांवर बसणारं आवरण, लावते. त्यानं चकती जागेवर येत नाही, पण दात झिजायचे वाचतात. सगळ्यात जास्त फरक पडला तो दिवसा दात आवळायची सवय सोडल्यानं: ओठ मिटलेले, दात सुटे. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरते. दातांचं काम लांबणार असेल तर मध्ये थांबायला आधीच सांगून ठेवते.

तोंड अचानक उघडेनासं झालं किंवा दुखण्यासोबत सूज आणि ताप आला, तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.