लाडवांचा एक डबा आणि घरातल्या चार बायका

मे महिना, अमळनेर, बाहेर 44 डिग्री, पंखा नुसती गरम हवा फेकतोय आणि आमच्या सासूबाई तुपात डिंक तळताहेत. जावेची मुलगी सुरतहून बाळंतपणाला माहेरी आलेली, डिलिव्हरी होऊन चौथा दिवस, म्हणजे लाडू झालेच पाहिजेत. खारीक, खोबरं, गोडंबी, मेथी, खसखस, गूळ, आणि तूप एकदम सढळ हाताने. वास असा सुटला की गल्लीतल्या बायका दारातून विचारून गेल्या, पोरगा का पोरगी? (पोरगी. मग कोणी आत आलं नाही.)

आता लाडू बाळंतिणीचे, पण डबा सगळ्यांचा. सासूबाईंनी एक तिला दिला, एक माझ्या 13 वर्षांच्या लेकीला, "खाई ले व माय, कंबर मजबूत व्हई", एक मला आणि एक स्वतःला. आठवडाभर हेच. बाळंतिणीचं पोट गच्च, भूक मेलेली. लेक दोन लाडू हाणायची आणि भाजी-भाकरीकडे बघायची पण नाही. मी, वय 49, रात्री दोनला घामाने चिंब होऊन गच्चीवर. एकट्या सासूबाई, वय 76, मजेत, गुडघे बरे वाटतात म्हणे.

शेवटी वैद्य मॅडमकडे गेलो, चौघी एका रिक्षात, बाळ मांडीवर. मला वाटलं होतं चार पुड्या देतील, पण त्यांनी आधी डब्याचीच चौकशी केली. बाळंतिणीला पहिला प्रश्न, भूक लागते का? म्हणाल्या चरकसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, सरळ लिहिलंय, बाळंतीण झाल्यावर भूक असेल तर झेपेल तेवढं तूप किंवा तेल, सोबत पिंपळी, सुंठ वगैरे, मग पातळ पेज, असं पाच ते सात दिवस, आणि त्यानंतर हळूहळू अंग भरेल असं खाणं. म्हणजे लाडू चूक नाहीत, चौथ्या दिवशी चूक आहेत. आपण काय करतो, पोटातला अग्नी, म्हणजे भूक, पेटायच्या आधीच वर ओंडका टाकतो. घरी येऊन तांदळाची पेज केली, त्यात जिरं, सुंठ आणि चमचाभर तूप, वर शेपा-ओव्याचं पाणी. दोन दिवसात पोट मोकळं.

आणि बाळंतिणीला शेक म्हणून बाजेखाली ठेवलेली ती शेगडी! थंडीत समजू शकते, पण आपल्याकडच्या मे महिन्यात बंद खोलीत कोळसे म्हणजे बाळालाही धूर आणि आईलाही. मॅडमनी ती त्याच दिवशी काढायला लावली. तेलाचं मालिश आणि पोट बांधणं ठेवलं, पोट बांधायचं तर चरकातही आहे, मोठ्या कापडाने, वात वाढू नये म्हणून. पण सिझेरियन असेल तर टाके घालणाऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

लेकीचं प्रकरण मला जास्त लागलं. तिची पाळी सुरू होऊन वर्ष झालं, दोन दिवस पोट धरून लोळते, शाळा बुडते. घरात सगळ्यांचं उत्तर एकच, "दुखसच". मला पण माझ्या आईने हेच सांगितलं होतं आणि मी पण तिला हेच सांगत होते, खोटं कशाला बोलू. तर चरकात शुद्ध आर्तवाचं, म्हणजे निरोगी पाळीचं, वर्णन असं आहे की महिन्याला येणारं, चिकट नाही, आग नाही, दुखणं नाही, पाच रात्री टिकणारं, फार नाही आणि फार कमी पण नाही, रंग गुंजेसारखा किंवा आळत्यासारखा. दुखणं नाही! एवढ्या जुन्या ग्रंथात लिहिलंय आणि आपण पोरींना सहन करायला शिकवतो.

पण म्हणून ग्रंथातलं सगळंच मानायचं असंही नाही हं. सुश्रुतसंहितेत, आयुर्वेदाच्या दुसऱ्या जुन्या ग्रंथात, पाळीच्या तीन दिवसांत काजळ घातलं तर मूल आंधळं, जास्त हसलं तर मुलाचे दात-ओठ काळे, असलं पण आहे. त्यातलं त्या दिवसांत विश्रांती घ्यायचं तेवढं मी घेतलं, बाकीचं तिथेच ठेवलं.

मॅडमनी लेकीला काढा दिला नाही, आधी लॅबमध्ये पाठवलं. हिमोग्लोबिन 9.8, या वयात 12 तरी पाहिजे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका ॲनिमिक निघाल्यात, म्हणजे आमचं घर काही वेगळं नाही. लोहाची गोळी चालू केली, लिंबू सरबतासोबत, चहासोबत अजिबात नाही. सोबत गरम पाण्याची पिशवी आणि पोटाला कोमट तिळाचं तेल. कॉलनीतल्या एका बाईने कंपाउंडच्या अशोकाची साल उकळून द्यायला सांगितलं होतं. बायांनो, ते कंपाउंडला उंच वाढतं ते आसुपालव, औषधाचा सीता-अशोक वेगळा, त्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. बाजारात अशोकाच्या सालीत भेसळही आसुपालवाचीच होते.

आता माझं. सुश्रुताने पाळीचा काळ 12 ते 50 असा सांगितलाय, म्हणजे मी उंबरठ्यावर. आयुर्वेदाच्या हिशेबाने मधल्या वयात पित्ताचा जोर आणि उतारवयात वाताचा, आणि मी दोघांच्या मधे सापडलेली, त्यात वरून मेथी, गोडंबी आणि खान्देशचा उन्हाळा! शेवभाजीचा लाल रस्सा पण सांगून टाकला मी. लाडू बंद, रस्सा कमी, रात्री भिजवलेल्या धन्याचं पाणी सकाळी, दुपारी मोरावळा, आणि शतावरी दुधातून. घाम एकदम थांबला असं नाही, पण रात्री झोप लागते. मॅडमनी एक गोष्ट कागदावर लिहूनच दिली, पाळी पूर्ण बारा महिने बंद राहून नंतर एक डाग जरी दिसला तरी घरगुती काही करायचं नाही, थेट गायनॅककडे. माझ्या ओळखीतल्या एकीने "गरमी असेल" म्हणून आठ महिने काढले होते.

सासूबाईंना मात्र लाडू चालू, अर्धा, सकाळी. त्यांचं वय वाताचं, त्यांना स्निग्ध पाहिजेच. हे ऐकून त्यांचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका, डबा त्याच दिवशी त्यांच्या कपाटात गेला.

रात्री त्या माझ्या तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासतात. सून सासूचे पाय चेपते तसं नाही, आमच्याकडे उलटं चालू आहे सध्या. दहा मिनिटांत तळवा काळा होतो, मग त्या सगळ्यांना दाखवतात, "बघ, केवढी गरमी निंघनी!" लेक म्हणाली आजी, ती गरमी नाही, तो धातूचा रंग आहे, कोणाच्याही पायाला लागेल. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, दुसरा पाय इकडे कर.