तुम्ही विचारलंत म्हणून: गोवा तेव्हा सेफ होता का?

आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग, फुटबॉलची) पहिल्या बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांशी संपर्क बंद ठेवून खेळवलेल्या सीझनमध्ये, मी एका टीमची बस चालवायचो, हे कळलं की सगळे एकच विचारतात. कोरोनात अख्खी लीग गोव्यात आणली ते बरोबर केलं का, आणि गोवा एवढा सेफ होता का? एकदाच लिहून टाकतो.

हॉटेल, बस आणि ग्राउंड, तेवढंच सेफ होतं. जून २०२० मध्ये वास्कोचं मांगोरहिल कंटेनमेंट झोन होतं आणि नोव्हेंबरात त्याच वास्कोत टिळक मैदानावर मॅचेस. फातोर्डा, बांबोळी, वास्को, तिन्ही ग्राउंडं तासाभराच्या आत, विमानात बसायला नको, रात्री परत आपल्याच खोलीत, आणि टुरिस्ट नाहीत म्हणून हॉटेलं रिकामी, म्हणून गोवा. ११ टीम, ११५ मॅचेस, मार्चपर्यंत सगळं पूर्ण झालं आणि मला त्याचा आजही अभिमान आहे. माझी स्वतःची गाडी दारात उभी होती, बँकेचे हप्ते परत सुरू झालेले, त्यामुळे "बाहेरच्यांना कशाला आणता" म्हणणाऱ्यांशी मी तेव्हा भांडलोय.

पण जानेवारीत बाबांना अर्धांगाचा झटका आला. भावाने बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) नेलं आणि त्या रात्री आमची मॅचही बांबोळीलाच, म्हणजे चालत गेलो असतो. सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला जा, कोण अडवणार, पण बाहेर पाय टाकलास की परत क्वारंटाइन, परत टेस्ट, तोवर दुसरा ड्रायव्हर घ्यावा लागेल. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, माझ्यामुळे सगळी टीम खोलीत अडकली असती. मी बसमध्येच बसून राहिलो. प्रेक्षक नाहीत त्यामुळे खेळाडूंचं एकमेकांवर ओरडणं पार्किंगपर्यंत ऐकू यायचं. भावाचा फोन आला, बाबा बोलतायत ते कळत नाही पण तुझंच नाव घेतायत असं वाटतं. मग म्हणाला, बस निघाली की मी रस्त्यावर येऊन उभा राहतो, निदान तोंड तरी दिसेल. दहा वाजून गेल्यावर निघालो, पुढे एस्कॉर्टची गाडी, हळू करणं माझ्या हातात नव्हतं. तो मास्क लावून कडेला उभा होता, हातात थर्मासची पिशवी, त्याने हात केला. मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. का नाही वाजवला, मला अजून सांगता येत नाही.

बाबा वाचले, उजवा हात मात्र गेला. लोक म्हणतात नोकरी सोडून जायचं होतंस. हप्ते तुम्ही भरणार होता का? पण खरं सांगायचं तर काही रात्री मीच स्वतःला तेच म्हणतो.

एप्रिल २०२१ मध्ये फातोर्ड्याला एशियन चॅम्पियन्स लीगच्या मॅचेस पार पडल्या आणि मेमध्ये राज्यात दोन टेस्टमागे एक पॉझिटिव्ह यायला लागली. तेव्हा वाटलं, कुंपण पक्कं आहे का एवढंच बघितलं, कुंपणाबाहेरच्या इस्पितळात खाटा किती हे कुणी विचारलं का? मी तरी नाही विचारलं.

तरी पुढच्या सीझनला बोलावलं तेव्हा गेलो, बाबाच म्हणाले जा. जानेवारी २०२२ मध्ये कोरोना बबलच्या आतच शिरला, मॅचेस पुढे ढकलल्या, मी सात दिवस खोलीत एकटा. रोज सकाळी भावाचा फोन यायचा, जेवलास काय.