आमची वाटचाल : फाटकापासून गाळ्याच्या दारापर्यंत

आमचा धंदा सुरू झाला तो शटरच्या कुलपांपासून. शटरवाल्यांनीच कॅमेरे मागितले, कॅमेऱ्यांमागून कार्ड रीडर आले आणि गोदामांची कामं करता करता सेल्फ स्टोरेजची, म्हणजे सामान ठेवायला छोटे गाळे भाड्याने देणाऱ्या जागांची, पहिली विचारणा आली. मालकांची मागणी सोपी होती : फाटक भक्कम करा.

पण गोदामाचा मालक एकच असतो आणि किल्ली त्याच्याकडे असते. इथे एकमेकांना न ओळखणारे शेकडो भाडेकरू, आणि प्रत्येकाला आत यायचा हक्क. चोराला भिंत चढायची गरजच नाही. तो सगळ्यांत लहान गाळा भाड्याने घेतो, स्वतःच्या कोडने राजरोस आत येतो आणि शेजारचे गाळे फोडतो. मधल्या भिंती पत्र्याच्या, बऱ्याच ठिकाणी छतापर्यंत न पोचलेल्या. हे लक्षात आल्यावर आमच्या कामाचा रोखच बदलला. फाटकावरचा खर्च आवरता घेतला आणि गाळ्यांवर जाळी, प्रत्येक दाराला चुंबकी सेन्सर, असं सुचवू लागलो.

हा सेन्सर म्हणजे दारावर एक चुंबक आणि चौकटीत एक रीड स्विच, म्हणजे चुंबक दूर गेलं की कळणारा छोटा स्विच. किंमत किरकोळ. खरी गंमत जोडणीत आहे. भाडेकरूने फाटकावर आपला कोड टाकला की फक्त त्याच्या गाळ्याचा अलार्म उतरतो. बाकी कुठलंही दार हललं की घंटा वाजते, मग हलवणारा आत कितीही रीतसर आलेला असो. माझ्या मते या धंद्यात याहून उपयोगी वस्तू नाही, आणि खर्चात काटछाट करताना मालक पहिल्यांदा हीच खोडतात.

कार्डांच्या बाबतीत मात्र आम्ही आता हट्टी झालो आहोत. जुनी १२५ किलोहर्ट्झची कार्डं आपला क्रमांक विचारेल त्याला उघड सांगतात, त्यामुळे नक्कल चुटकीसरशी होते. त्यात रीडरपासून कंट्रोलरपर्यंतची (दार उघडायचं की नाही हे ठरवणाऱ्या पेटीपर्यंतची) वायर विगँड या जुन्या पद्धतीची असेल, तर तोच क्रमांक तारेतूनही उघडाच जातो. नवं काम आम्ही ओएसडीपी या रीडर आणि कंट्रोलर जोडायच्या नव्या पद्धतीवर करतो. त्यात संवाद दुतर्फा असतो, सुरक्षित चॅनल चालू केला की एन्क्रिप्टही होतो, आणि कोणी रीडर उपटला तर कंट्रोलरला कळतं. ‘वायर तर सारखीच दिसते, मग पैसे जास्त का?’ हा प्रश्न ठरलेला.

कुलूप बहुधा भाडेकरूचंच असतं. लांब कडीचं कुलूप बोल्ट कटरने सहज तुटतं. डिस्क कुलपाची कडी जवळपास झाकलेली असल्याने कटरला धरायला जागाच मिळत नाही. ऑफिसात डिस्क कुलपं विकायला ठेवा, असं आम्ही प्रत्येक मालकाला सांगतो.

एका गोष्टीवर कामं सोडलीही आहेत. आतून बाहेर पडायच्या दारालाही कोड हवा, असा काहींचा आग्रह असतो. आग लागली तर धुरात कोड कोण आठवत बसणार? बाहेर पडायचं दार आतून ढकललं की उघडलंच पाहिजे. हवं तर घंटा वाजू द्या.

मग नोंदी. आत आल्याची नोंद आहे आणि बाहेर गेल्याची नाही, असं दिसलं तर एक तर तो दुसऱ्याच्या मागोमाग निघून गेला, नाहीतर गाळ्यातच मुक्कामाला आहे. दोन्ही तपासायला हवं. त्यासाठी रेकॉर्डर आणि कंट्रोलरचं घड्याळ जुळलेलं लागतं. दहा मिनिटांची तफावत असली की चित्रीकरणात भलताच माणूस सापडतो. आमची माणसं देखभालीला गेली की आधी घड्याळं पाहतात, मग कॅमेऱ्याच्या काचा पुसतात.

अलीकडे मागणी आहे फोनने उघडणाऱ्या कुलपांची. सामान हलवणाऱ्यांना दुपारपुरती परवानगी देता येते, थकबाकीदाराची काढूनही घेता येते, ही मोठी सोय. फक्त त्यातली बॅटरी कोणी बदलायची, हे आम्ही करारात आधीच लिहून घेतो.