समासातली कोरी जागा

भाचीच्या लग्नासाठी तिचा स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला काढायला गेल्या महिन्यात आमच्या वसईतल्या कॅथलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात गेलो होतो. बहीण लग्नानंतर ठाण्यात स्थायिक झाली असली, तरी या मुलीचा स्नानसंस्कार आजोळी झाला, त्यामुळे तिची मूळ नोंद इथल्याच वहीत आहे. सरकारी जन्मदाखला एकदा काढला की आयुष्यभर पुरतो. चर्चला मात्र लग्नाच्या वेळी साधारणपणे सहा महिन्यांच्या आत काढलेला ताजा दाखला लागतो, आणि हे उगाच कागदी घोडे नाचवणे आहे असे मला वर्षानुवर्षे वाटत आले होते.

वहीचे पान समोर आले तेव्हा त्याचे कारण उमगले. बाळाचे नाव, जन्मतारीख, आईवडील आणि धर्ममाता-धर्मपिता यांच्या रकान्यांपुढे एक समास मोकळा सोडलेला असतो. पुढे दृढीकरण (स्नानसंस्काराची श्रद्धा पक्की करणारा संस्कार), विवाह किंवा गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याचा संस्कार) जिथे कुठे होईल, तिथल्या धर्मगुरूंनी ते मूळ धर्मग्रामाला कळवायचे आणि त्याची नोंद या समासात व्हायची. भाचीच्या पानावर दृढीकरणाची तारीख होती आणि विवाहाची जागा कोरी होती. ती आजही कोरी आहे, एवढे सांगण्यासाठीच ताजा दाखला हवा असतो. चोरून होणाऱ्या विवाहांना आळा घालण्यासाठी कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ साली विवाहांची वही ठेवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले, आणि १९०८च्या ईस्टरपासून अमलात आलेल्या नियमाने विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या वहीतही करणे आवश्यक ठरवले.

परंतु घरी परतताना मनात आले, की चर्चच्या सात संस्कारांपैकी वहीच्या या पानावर चारच मावतात. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, मिळणारा ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन आणि आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हे पुनःपुन्हा घेतले जाणारे संस्कार तिथे येत नाहीत. पहिल्या ख्रिस्तप्रसादाची यादी बहुतेक ठिकाणी ठेवतात, फोटो तर घरोघरी भिंतीवर असतात, पण त्यानंतरच्या हजारो रविवारांचा हिशेब कोणी ठेवत नाही. पापनिवेदनाची नोंद तर होणेच शक्य नाही, कारण तिथे ऐकलेले धर्मगुरूंनी कोणत्याही कारणास्तव उघड करायचे नसते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात संध्याकाळी पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहिले की शेजारीपाजारी एकमेकांची नजर चुकवतात, आणि बाहेर आल्यावर मात्र त्याच मंडळींच्या भाजी-पाण्याच्या गप्पा रंगतात.

तैलाभ्यंगाविषयी आमच्या घरात एक जुनी भीती होती. तेलाची डबी घेऊन फादर आले म्हणजे आता माणूस जाणार, असे आजी धरून चालायची, आणि तिच्या आजारपणात काकीने फादरांना बोलवायचे नुसते सुचवले तेव्हा ती दोन दिवस काकीशी बोलली नाही. तिचा तरी काय दोष? तिच्या तरुणपणी हा संस्कार ‘शेवटचा’ म्हणूनच ओळखला जात होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली तो आजाऱ्यांचा तैलाभ्यंग म्हणवला जावा असे ठरवले, आणि १९७२ साली त्याचा विधीही बदलला. मृत्यूच्या दारात उभे असणे ही त्याची अट नव्हे. गंभीर दुखणे किंवा थकलेले वय पुरेसे असते, आणि प्रकृती पुन्हा ढासळली तर तो पुन्हाही घेता येतो. आजीने अखेर तो घेतला, त्यानंतर ती चार वर्षे जगली, आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर ख्रिस्तप्रसाद घेऊन यायचे तेव्हा ती स्वच्छ पातळ नेसून सकाळपासून ओटीवर बसलेली असायची. यातले एक अक्षरही कार्यालयातल्या कोणत्या वहीत सापडणार नाही.

भाचीच्या लग्नाची पहिली घोषणा येत्या रविवारी होणार आहे. तीन रविवार दोघांची नावे वाचली जातील, कोणाला काही अडचण ठाऊक असल्यास ती कळवावी असे सांगितले जाईल, आणि लग्न झाल्यावर ठाण्याहून एक चिठ्ठी आमच्या कार्यालयात येईल.